सत्कारानंतरची तीन वर्षे

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. मौलाली चौक, विजापूर वेस, शास्त्रीनगर, नई जिंदगी, प्रत्येक भागात कुठली तरी जमात, कुठले तरी मंडळ गुणगौरव समारंभ ठेवते. व्यासपीठावर नगरसेवक, डॉक्टर, मौलाना आणि निवृत्त मुख्याध्यापक बसतात. मुलांना ट्रॉफी, प्रमाणपत्र, कधी पुस्तकांचा संच मिळतो. खाली बसलेल्या अम्मींचे डोळे पाणावतात. मला हे समारंभ आवडतात. ज्या मोहल्ल्यांत एकेकाळी "पोरगी शिकून काय करणार?" असे विचारले जायचे, तिथे आज मुलीच्या टक्केवारीचा फलक लागतो. हा बदल लहान नाही आणि तो घडवणाऱ्या लोकांनी पदरचे पैसे खर्च केले आहेत.

माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. ट्रॉफी घेऊन घरी गेलेली ही मुले जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजात जातात. पुढची तीन-चार वर्षे त्यांची विचारपूस कोण करते? पहिल्या सत्रात किती विषय राहिले, दुसऱ्या वर्षाची फी भरली का, कॉलेज सोडले तर का सोडले, याची यादी कोणत्या जमातीकडे आहे? गुणवंतांची यादी सगळ्यांकडे असते. मधेच गळलेल्यांची कुणाकडेच नसते. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर आता भाषणे, कार्यशाळा, सप्ताह असे बरेच काही होते. पण ते स्वास्थ्य या न ठेवलेल्या यादीत अडकले आहे, असे मला वाटते.

आकडे आधी सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले होते. हा देशातला सर्वांत मोठा आकडा. यात शाळेतली मुलेही येतात. भागाकार केला तर आपल्या राज्यात दिवसाला जवळजवळ पाच मुले होतात. 2023 मध्ये देशाचा आकडा 13,892 वर गेला. प्रत्येक मृत्यूमागे कारणे अनेक असतात, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आणि जी मुले या आकड्यांत येत नाहीत ती सगळी सुखात आहेत असेही नाही. झोप न येणारी, जेवण सुटलेली, मित्रांचे फोन न उचलणारी, सकाळी कॉलेजला निघून भलतीकडेच जाऊन बसणारी मुले कोणत्याच अहवालात नसतात.

आपल्या विद्यापीठातला विद्यार्थी कोण आहे, हेही पाहिले पाहिजे. 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्याआधी आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एखाद्या गुणपत्रिकेची दुरुस्ती करायची तरी दोनशे किलोमीटरहून लांब जावे लागे. एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. विद्यापीठ जवळ आल्यामुळे जी मुले कधीच कोल्हापूर-पुण्याला गेली नसती ती पदवीपर्यंत, पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचली. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्याचा मुलगा, विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी, मोहोळ-मंगळवेढ्याहून एसटीने येणारी शेतकऱ्याची पोरे. यातल्या बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आधीचे कुणीच नाही.

अशा मुलाची अडचण घरात कळत नाही, कारण ती समजून घ्यायला लागणारे शब्दच घरात नसतात. सत्र, क्रेडिट, अंतर्गत गुण, एटीकेटी म्हणजे काय, हे अब्बांना कुणी सांगितलेले नसते. त्यांना पास आणि नापास एवढेच ठाऊक. दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येते, हे त्यांना पटत नाही. मग मुले सांगतच नाहीत. विचारले की एकच उत्तर येते, "कुच नै, ऐसेच."

माझी एक माजी विद्यार्थिनी. बारावीला तिचा सत्कार झाला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी तिने परीक्षेचा अर्ज भरला नाही. फीचे पैसे वेळेत जमले नाहीत आणि पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते, तेही घरी ठाऊक नव्हते. त्यानंतर चार महिने ती रोज सकाळी पिशवी घेऊन घरातून निघायची, सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची आणि दुपारी घरी परतायची. घरी सगळ्यांना वाटत होते, मुलगी कॉलेजला जाते. परीक्षा शुल्काची रक्कम काही शे रुपये होती. त्या मोहल्ल्यातल्या गुणगौरवाच्या मांडवाचे एका संध्याकाळचे भाडे त्याहून जास्त असेल.

तिने कुणाला का सांगितले नाही? आपल्याकडे मुलीच्या शिक्षणाला घरातून मिळालेली परवानगी ही दरवर्षी नव्याने मिळवायची गोष्ट असते. एक विषय राहिला की फक्त विषय राहत नाही, मामा, खाला, शेजारी सगळे एकदम बोलू लागतात, "हो गया ना पढ़ना? अब रिश्ता देखो." मुलाच्या बाबतीत वाक्य बदलते, "दुकान पे बैठ." म्हणून आपली मुले अपयश लपवतात. लपवलेले अपयश एकट्याने वाहायचे म्हणजे काय, हे ज्यांनी वाहिले त्यांनाच ठाऊक.

उर्दू माध्यमाच्या मुलांचे एक जास्तीचे ओझे आहे आणि मी भाषा शिकवते म्हणून ते मला जवळून दिसते. घरात दखनी, शाळेत उर्दू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड किंवा तेलुगू. सोलापूरचे मूल चार-चार भाषा कानावर घेत वाढते, ही खरे तर श्रीमंती आहे. पण कॉलेजचा वर्ग मराठीत चालतो आणि पुस्तक इंग्रजीत असते. जी मुलगी दहा वर्षे 'मुसल्लस' शिकली तिला तो 'त्रिकोण' आहे हे कळायला वेळ लागत नाही. पण 'मुआशियात'चे 'अर्थशास्त्र' आणि मग 'इकॉनॉमिक्स' होईपर्यंत, त्यातली प्रत्येक संज्ञा दोनदा बदलेपर्यंत, पहिले सत्र संपलेले असते. या काळात ती वर्गात हात वर करत नाही. मराठी बोलताना लिंग चुकले तर मागचा बाक हसतो, म्हणून बोलतच नाही. शिक्षकांना वाटते मुलगी कच्ची आहे. काही महिन्यांत तिलाही तसेच वाटू लागते. ज्या मुलीला आम्ही हुशार म्हणून कॉलेजात पाठवले, ती डिसेंबरात स्वतःला 'ढ' म्हणू लागते. हे टाळता येते. पहिल्या महिन्यात महत्त्वाच्या संज्ञांची तीन भाषांतली यादी हातात दिली आणि प्रश्न उर्दूत किंवा दखनीत विचारायला मोकळीक दिली, तरी निम्मे ओझे उतरेल. मराठीत पक्के व्हायलाच हवे. मी त्यासाठीच पगार घेते. पण भाषा शिकायला धीर लागतो आणि हसणाऱ्या वर्गात धीर येत नाही.

पैशाची बाजू तर उघडीच आहे. 2020-21 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी घटलेली दिसली. एकूण विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा 4.6 टक्के होता. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा 14.2 टक्के आहे. ते वर्ष कोरोनाचे होते, हे खरे. पण त्याच वर्षी दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे संसदेत सांगितले. इतर योजनांशी ती जुळते, असे कारण दिले गेले. 2024 मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. हा चांगला निर्णय आहे आणि आपल्या अनेक मुलींना त्याचा लाभ मिळू शकतो. पण त्यासाठी उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला वेळेत हवा. दाखल्याअभावी हुकलेली फीमाफी मुलीला स्वतःचाच गुन्हा वाटतो. विद्यार्थ्याच्या मनावरचा ताण म्हणतात तो पुष्कळदा असा सेतू कार्यालयाच्या रांगेत उभा असतो.

शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्यांना आणखी एक अनुभव येतो. खोली बघायला जावे, भाडे ठरावे, मग नाव विचारले जावे आणि खोली "आधीच गेलेली" निघावी. मुले हे हसत सांगतात. मला ते हसणे बरे वाटत नाही.

डॉ. पायल तडवी हे नाव इथे घेणे भाग आहे. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासी आणि मुस्लिम. स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी ती मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. मला बोलायचे आहे ते तिच्या आईबद्दल. आबेदा तडवी यांचे म्हणणे असे की, मुलीच्या त्रासाबद्दल आधीच सांगूनही कुणी दखल घेतली नाही. त्याच वर्षी त्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांत भेदभावाची तक्रार ऐकणारी खरी यंत्रणा असावी, ही त्यांची मागणी. मुले गमावलेल्या दोन आया दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढतात. यापुढे "तक्रार करून काय होणार?" असे मुलांना सांगताना आपण जरा विचार करावा.

कायद्याच्या बाजूने आता बरेच काही उभे राहिले आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात निकाल देताना मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि देशभरातल्या शाळा, कॉलेजे, विद्यापीठे, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेसना पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावे. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे क्रमांक ठळक जागी लावावेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही 2023 मध्ये प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती.

मला भीती आहे ती या निर्देशांच्या कागदी अंमलाची. ती कशी होते, हे शिक्षण खात्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागते, वर्षातून एक व्याख्यान होते, त्याचे फोटो अहवालात जातात. पण ज्या प्राध्यापकाच्या हातात मुलाचे अंतर्गत गुण आहेत, त्याच्यासमोर मूल मन मोकळे कसे करेल? ऐकणारा माणूस गुण देणारा नसावा. त्याच्या खोलीचे दार स्टाफरूममधून उघडणारे नसावे. आणि सोलापुरात त्याला किंवा तिला मराठीबरोबर दखनी, कन्नड, तेलुगू यातली एक तरी भाषा समजावी. माणूस हिशेब परक्या भाषेत शिकतो, पण रडतो घरच्याच भाषेत.

काही वडीलधारे म्हणतील, "आम्ही रस्त्याच्या दिव्याखाली शिकलो, आम्हाला कुठला समुपदेशक होता?" त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण दिव्याखाली बसलेल्यांपैकी जे पुढे गेले तेच आज हे सांगायला आहेत. जे उठून गेले त्यांचे कुणी ऐकले नाही. शिवाय तेव्हा पदवी घेतली की नोकरीची बऱ्यापैकी शाश्वती होती. आजचा मुलगा एम.ए. करता करता रात्री पार्सल पोचवतो आणि पदवीनंतरही कदाचित तेच करावे लागेल, हे त्याला दिसत असते.

आता घरातले बोलू. आपल्यात उदास मुलाला पहिले वाक्य ऐकू येते, "नमाज पढ़, सब ठीक हो जाएगा." नमाजने मनाला करार येतो, हा माझाही अनुभव आहे. पण हे वाक्य पुष्कळदा ऐकणे थांबवण्यासाठी वापरले जाते. दुसरे वाक्य त्याहून कठोर, "ईमान कमजोर है." ज्या धर्माच्या इतिहासात एका वर्षाचे नावच 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, असे आहे, त्यात दुःखाला ईमानाची उणीव कशी म्हणता येईल? हजरत खदिजा आणि चाचा अबू तालिब एकाच वर्षी गेले, तेव्हा पैगंबरांचे दुःख कुणी लपवले नाही. हजरत याकूब मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, ते तर नबी होते. दहाव्या शतकात वारलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीरासारखे मनही आजारी पडते आणि दोन्हींचा एकमेकांवर परिणाम होतो, यावर ग्रंथ लिहिला. 1284 मध्ये सुलतान कलाऊनने कैरोत बांधलेल्या दवाखान्यात मनाच्या रुग्णांसाठी वेगळी सोय होती. मनावर इलाज करणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली फॅशन नाही. दर्ग्यावर जाऊन ज्याला शांत वाटते त्याने जरूर जावे. डॉक्टरकडेही जावे. दोन्ही वाटा एकाच दिवशी चालता येतात.

आणखी एक भीती घरोघरी असते, पोलिसांची. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला तर 'केस' होईल, म्हणून लोक दवाखान्यात खरे सांगत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 सांगते की, असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या 309 कलमासारखे सरसकट कलमही राहिलेले नाही. तेव्हा डॉक्टरला खरे सांगा.

गुणगौरव करणाऱ्या आपल्याच लोकांना माझी विनंती आहे. यंदा सत्कार करा, पण ज्यांचा सत्कार केला त्यांची यादी फाइलला लावून ठेवू नका. ती तीन वर्षे जिवंत ठेवा. पहिल्या सत्राचा निकाल लागला की मोहल्ल्यातल्या दोन-तीन शिकलेल्या माणसांनी प्रत्येक मुलाला एक फोन करावा. "कितने मार्क्स?" असे विचारू नये. "कैसा चल रहा है, फॉर्म भरा क्या?" असे विचारावे. बैतुलमालमधून परीक्षा शुल्कासाठी एक छोटी रक्कम बाजूला ठेवावी. जकातीला पात्र असलेल्या घरांसाठी ती जकातीतून देता येईल, बाकीच्यांसाठी मदतनिधीतून. मागणाऱ्याचे नाव जाहीर होऊ नये. दाखले काढून द्यायला मे महिन्यातच दोन तरुण नेमावेत. दोन खोल्यांच्या घरात आठ माणसे असतात, तिथे अभ्यासाला जागा नसते. शादीखान्याचा किंवा मदरशाचा एक हॉल संध्याकाळी उघडा ठेवता येईल, मुलींसाठी वेगळी वेळ ठरवून. इमामसाहेबांनी वर्षातून एक-दोन जुम्यांना या विषयावर बोलावे. त्यांचा शब्द आमच्या शंभर लेखांपेक्षा दूर पोचतो.

आणि समारंभात एक खुर्ची अशा मुलासाठी असावी, जो नापास झाला होता, वर्ष वाया गेले होते आणि तरीही परत आला. त्याला दोन मिनिटे बोलू द्या. खाली बसलेल्यांपैकी कुणाला तरी पुढच्या वर्षी ती दोन मिनिटे आठवतील.

पालकांसाठी शेवटचे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन मोफत आहे, कोणत्याही वेळी लावता येतो, मराठीत, हिंदीत बोलता येते. हा क्रमांक फ्रिजवर, कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथे घरातले सगळे बघतात तिथे लिहून ठेवा. मुलाने स्वतःला संपवण्याची भाषा केली, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका, शेजारी बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नाहीतर आज रात्री जेवताना निकालाचा विषय न काढता त्याला एवढेच विचारा की, कॉलेजात दुपारी कुणाबरोबर जेवतोस? उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.